धेंपोच्या घरात मँचेस्टर सिटी

प्रश्न : माझे वडील गोव्याच्या धेंपो फुटबॉल क्लबचे कट्टर समर्थक होते. फातोर्डाचे मैदान 1989 साली सुरू झाले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि त्यांचे बोट धरून सावंतवाडीहून तिथे सामने पाहायला जात असे. माझा तेरा वर्षांचा मुलगा मात्र मँचेस्टर सिटीची जर्सी घालून हिंडतो आणि धेंपोचे नाव काढले की हसतो. आजोबांची ही आवड त्याच्यात कशी उतरवावी?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : प्रथम आपल्या वडिलांचाच विचार करू. धेंपो क्लब स्थापन झाला 1968 साली; म्हणजे ही निष्ठा त्यांना वारशाने मिळणे शक्यच नव्हते, ती त्यांनी ऐन तारुण्यात स्वतःच पत्करली. त्या वेळी घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने ‘त्या गोंयच्या चेंडवापाठी जावन तुका काय गावतला?’ असे विचारलेही असेल. आपला मुलगा आज तेच करतो आहे, फक्त त्याचा क्लब सातासमुद्रापार आहे.

त्याच्या हसण्याचाही राग मानू नये. 2004-05 ते 2011-12 या काळात आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि 2008 साली आशियातल्या क्लबांच्या एएफसी चषकाची उपांत्य फेरी गाठली. पण तेव्हा तो एक तर जन्मलाच नव्हता, नाहीतर पाळण्यात होता. पुढे 2016 साली, इंडियन सुपर लीगला (आयएसएल) देशातील अव्वल स्पर्धा करण्याच्या योजनेला विरोध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. धेंपो त्या स्पर्धेत परतला तो थेट 2024-25 च्या हंगामात. ज्या वयात मूल आपला संघ ठरवते, नेमक्या त्याच वर्षांत आजोबांचा संघ त्याला मोठ्या स्पर्धेत दिसलाच नाही. (आमचे घर साळगावकरवाल्यांचे, त्यामुळे धेंपोची एवढी बाजू घेताना लेखणी थोडी अडखळते, हे कबूल करतो.)

विजेतेपदांची यादी त्याला ऐकवू नका. ती त्याला मोबाइलवर दोन मिनिटांत सापडेल. न सापडणारी गोष्ट वेगळी आहे. मांडवीवरचा पूल जुलै 1986 मध्ये कोसळला आणि नवा पूल खुला व्हायला 1992 साल उजाडले; म्हणजे आपल्या त्या सहलींत बेतीला उतरून, फेरीबोटीच्या गर्दीत वडिलांचा सदरा घट्ट धरून पणजीचा धक्का गाठावा लागत असणार. ते त्याला सांगा. आम्ही पोरे भातकापणीनंतर कुणग्यात गळून पडलेले तोरंजन, म्हणजे पपनस, लाथाडत असू. धसकटे तळव्यांना टोचत, चौथ्या-पाचव्या लाथेला फळ फुटे आणि मग भांडण गोलाचे राहत नसे, नवे तोरंजन कोणाच्या परसातून आणायचे याचे होई. माझ्या नातवाने साळगावकरचे सारे विजय विसरून एवढेच लक्षात ठेवले आहे.

हंगामात एकदा मुलाला धेंपोच्या सामन्याला न्या, आणि सिटीची जर्सी घालूनच येऊ द्या. सामन्याआधी त्याला इतिहास शिकवू नका. शेजारी बसलेले म्हातारे पंचाच्या नावाने जे बोलतील, ते त्याला पुरेसे आहे. परतताना पुलावरून येण्याची घाई करू नका. पणजी-बेती फेरी अजून चालू आहे.