वाचक विचारतात: पोरांना स्की, बायकोला कुंड, आणि आईचे गुडघे

प्रश्न: ताई, आम्ही नागपूरचे, प्रताप नगरला राहतो, बर्फ म्हणजे फक्त रसवंतीतला पाहिलाय. यंदा जपानला जायचं ठरवून राहिलो, मी, बायको, दोन मुलं (११ आणि ७ वर्षं) आणि आई. आई ६८ ची, गुडघे दुखतात, पक्की शाकाहारी. पोरांना स्की करायचंय, बायकोला बर्फातले गरम पाण्याचे कुंड. नाताळच्या सुट्टीत ७ दिवसात टोकियो, क्योटो, ओसाका आणि एक बर्फाचं गाव बसेल का? आणि तिथे सगळे कपडे काढून आंघोळ करतात म्हणे, आईला हे सांगू कसं?

उत्तर: दादा, आधी क्योटो-ओसाका काटा. मीही एकदा असंच केलं होतं, रोज नवीन हॉटेल, रोज बॅगा भरा, आणि शेवटी नवऱ्याशी भांडण झालं ते पण प्लॅटफॉर्मवर. टोकियोत दोन-तीन रात्री आणि एकाच गावात निदान तीन रात्री, बस.

गाव मी सांगेन नोझावा ओन्सेन, नागानो प्रांतातलं. टोकियोहून होकुरिकू शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, ईयामाला उतरायचं, दोन तासाच्या आतच पोचता, तिथून बसने पंचवीसेक मिनिटं. हे आधी गरम पाण्याचं गाव आहे आणि स्कीचं नंतर झालं, म्हणून ज्याला स्की करायचं नाही त्याचाही दिवस कंटाळवाणा जात नाही. गल्ल्यांमध्ये लाकडी १३ सार्वजनिक न्हाणीघरं आहेत, ती गावकरीच सांभाळतात, झाडलोट पण तेच करतात, तिकीट नाही, दानपेटीत काय ते टाकायचं. ओगामा नावाचं एक कुंड आहे, पाणी जवळपास ९० अंशाचं, त्यात गावातल्या बाया भाज्या उकडतात, पाहुण्यांना आत जायला बंदी पण बाहेरून दिसतं.

रस्ते चढाचे आणि घसरडे आहेत, आईंसाठी हे बघा. गावातून स्कीच्या उतारापर्यंत सरकता रस्ता आहे, हॉटेल त्याच्या आसपास घ्या.

आता आंघोळीचं. बायका आणि पुरुष वेगवेगळे असतात हे आईंना पहिल्याच वाक्यात सांगा, अर्धी काळजी तिथेच गेली. पण आत स्विमसूट चालत नाही, हे खरं आहे. आधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ धुवायचं मग पाण्यात, आपण घाण पाण्यात नेत नाही ना तेच, आणि छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, लोकं डोक्यावर ठेवतात. आई उनकेश्वरला कधी गेल्या असतील तर गरम पाण्याचं नवल वाटणार नाही, फक्त ही सार्वजनिक न्हाणीघरं लई गरम असतात, कुणाकुणाला तर पायसुद्धा टाकवत नाही. बीपी असेल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि पाच मिनिटात बाहेर. लाज वाटतच असेल तर हॉटेल बुक करताना 'काशिकिरी' विचारा, म्हणजे तासाभरासाठी फक्त तुमच्या कुटुंबाला मिळणारी न्हाणी.

तारखेचं म्हणाल तर नाताळ ते नवीन वर्ष टाळा. जपान्यांचीही सुट्टी तेव्हाच असते, खोल्या महाग आणि भरलेल्या, आणि डिसेंबरात बर्फ पुरेसा पडेलच असं नाही. सैबेरियाचा थंड वारा जपानच्या समुद्रावरून ओल घेऊन येतो आणि डोंगरावर आदळून बर्फ ओततो, हे जानेवारी-फेब्रुवारीत जोरात असतं. पोरांची शाळा चार दिवस बुडू द्या हो. फक्त १५ जानेवारी नको. त्या दिवशी दोसोजिनचा, म्हणजे वाटेवरच्या राखणदार देवाचा, अग्नी-उत्सव असतो, लाकडाचा मनोरा उभारतात, २५ आणि ४२ वर्षांचे पुरुष तो राखतात कारण ही वयं अशुभ मानतात, आणि बाकी गाव मशाली घेऊन जाळायला धावतं. आपली मारबत आठवते, इडा-पिडा घेऊन जाणारी, तसंच काहीसं. बघण्यासारखं आहे पण आई आणि ७ वर्षांचं पोर घेऊन त्या गर्दीत नाही.

कपडे विकत घेऊ नका. नागपुरात दर थंडीत लागणाऱ्या तिबेटी स्वेटरच्या दुकानातले जाड स्वेटर बर्फात भिजतात आणि मग थंडी आतून लागते. स्की, बूट, वॉटरप्रूफ जॅकेट-पँट सगळं गावात भाड्याने मिळतं. आतले थर्मल आणि मोजे तेवढे इथून न्या, मोजे जास्तच न्या. पोरांना पहिल्या दिवशी इंग्रजी बोलणाऱ्या शिक्षकाकडे टाका, तुम्ही शिकवायला जाऊ नका, तुम्हाला तरी कुठे येतं.

जेवण हा खरा त्रास. भाजीचं सूप दिसलं तरी त्यात 'दाशी' असतं, सुकवलेल्या माशाचा अर्क, मिसो सूपमध्येही. खोली घेतानाच लेखी कळवा की मासाही नको आणि दाशीही नको, आयत्या वेळी सांगून उपयोग नाही, स्वयंपाकी हसून मान हलवेल आणि तेच वाढेल. ठेपले, चिवडा, मेतकूट, तिखट सोबत असू द्या. संत्री मात्र बॅगेत टाकू नका, सर्टिफिकेट नसेल तर ताजी फळं विमानतळावरच ठेवून घेतात, आणि मग आई तिथेच उभ्या राहून ती संपवायला लावतील.