सातबाऱ्यावर लेकीचे नाव

प्रश्न : पणजोबांपासून चालत आलेली आमची ८ एकर कोरडवाहू शेती आहे. वडील यंदा वारले. मागे आई, भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. भावाने वारस नोंदीच्या अर्जात फक्त आईचे आणि स्वतःचेच नाव दिले. आता म्हणतो, पीककर्जासाठी सही लागते, तालुक्याला ये. वडिलांचे मृत्युपत्र आहे असेही सांगतो. मी काय करू?
— एक वाचक भगिनी, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आधी ती सही थांबवा. पीककर्जाचे कागद बँकेत किंवा सोसायटीत होतात. दस्तनोंदणी करणाऱ्या दुय्यम निबंधकाकडे नेऊन फोटो काढला, अंगठा घेतला, तर तो कागद बहुधा हक्कसोडपत्र असतो. पहिल्या पानावरचे शीर्षक वाचल्याशिवाय पेन उचलू नका. एकदा नोंदणी झाली की फसवणूक सिद्ध करून तो रद्द करायला दिवाणी दावा लावावा लागतो, तोही फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांच्या आत.

मग ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावाचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाची नोंद, उघडा. तिथे हरकतीची शेवटची तारीख दिसते. नोटिशीनंतर साधारण १५ दिवस मिळतात. तुम्हाला नोटीस का आली नाही? वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात तुमचे नावच नाही म्हणून. गावोगाव लेकी अशाच गळतात. तलाठ्याला तोंडी सांगून भागत नाही. लेखी हरकतीच्या दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या. सोबत वडिलांचे नाव असलेला शाळेचा दाखला आणि माहेर-सासरचे नाव जुळवणारा विवाहाचा दाखला जोडा. हरकत नमुना ६-अ या वादाच्या नोंदवहीत चढते आणि मंडळ अधिकारी सुनावणी घेतात. नोंद आधीच प्रमाणित झाली असेल तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करा. फेरफाराने मालकी ठरत नाही, पण सातबाऱ्यावर नाव नसले की तुमच्या नकळत जमीन विकणे सोपे होते.

तुमचा वाटा चौथा, म्हणजे २ एकर. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून सहहिस्सेदार आहे. वडील केव्हा वारले यावर ते अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

मृत्युपत्राने घाबरू नका. वडिलोपार्जित जमिनीत वडील, आई आणि तुम्ही तिघे भावंडे असे पाच वाटे धरतात; वडील फक्त स्वतःचा पाचवा हिस्सा लिहून देऊ शकतात. मृत्युपत्र खरे ठरले तरी तुमचा १ एकर २४ गुंठ्यांचा हिस्सा त्याला हात न लागता उरतो. मृत्युपत्राला नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार लागतात आणि ते कोर्टात सिद्ध करण्याचा भार भावावर राहतो. आपल्या भागातल्या शेतीला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर, लागत नाही. ‘प्रोबेट होईस्तोवर थांब’ असे कोणी म्हटले तर ऐकू नका. मात्र जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली निघाली तर मृत्युपत्र सगळ्या जमिनीला लागू होते. म्हणून तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाची नक्कल आजच मागा. त्यात पणजोबांचे नाव असणे हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा.

समजुतीने सगळे तयार झाले तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटणी होते. एकानेही नाही म्हटले की दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा, आणि त्यासोबतच विक्रीवर तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज. हा अर्ज नंतरवर टाकू नका. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. समितीचे कार्यालय तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारातच असते.