लोकांसमोर शब्द सुचतात, एकांतात डुलकी लागते

प्रश्न: मी 9 वर्षं एका ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) पाळक आहे. लोकांसाठी प्रार्थनेला उभा राहिलो की शब्द अडत नाहीत. रात्री एकटा गुडघे टेकले की मात्र पाच मिनिटांत डोळे मिटतात, नाहीतर रविवारच्या संदेशाचे (प्रवचनाचे) मुद्दे घोळू लागतात. दोन कुटुंबांतला वाद मिटावा म्हणून 2 वर्षं मागतोय, काहीच हललेलं नाही. मी ढोंगी आहे का?

प्रिय बंधू,

ढोंगी माणसाला ही खंत लागत नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना प्रभू येशू तीनदा शिष्यांजवळ आला, तिन्ही वेळा ते झोपलेलेच होते. शुभवर्तमानकार लूक त्याचं कारण देतो: दुःखामुळे. इतरांची दुखणी वर्षानुवर्षं वाहणाऱ्याचे डोळेही तसेच जड होतात.

आधी वेळ बदला. दिवसाचा सगळ्यात थकलेला तास तुम्ही देवाला देता आहात. सकाळी, फोन हातात घेण्याआधी, 20 मिनिटं ठरवा. पलंगावर बसू नका; खोलीतल्या खोलीत चालत, स्वतःला ऐकू येईल इतक्या आवाजात बोला. मनातल्या मनात प्रार्थना केली तर मन कधी भरकटलं हे कळतच नाही, मोठ्याने बोलताना वाक्य मध्येच तुटतं आणि लगेच ध्यानात येतं. संदेशाचा मुद्दा आलाच तर कागदावर एक शब्द टिपा आणि परत वळा. त्याच्याशी झगडत बसलात तर तोच वेळ खाईल.

मंडळीतली सगळी कुटुंबं रोज प्रार्थनेत घेऊ नका. 60 कुटुंबं असतील तर सहा दिवसांत रोज 10, प्रत्येकी 2 मिनिटं.

आता त्या वादाविषयी, कारण खरा अडथळा इथे आहे. प्रार्थना करणारा पहारेकऱ्यासारखा असतो, आणि पहारेकऱ्याला काय पाहायचं ते ठाऊक असतं. ‘त्यांना आशीर्वाद दे’ एवढंच मागितलं तर कशावर नजर ठेवणार? वहीचं एक पान उभं दुमडा. डावीकडे तारीख आणि नेमकी मागणी: ‘दोन्ही घरचे कर्ते एका बैठकीत बसावेत.’ उजवी बाजू कोरी ठेवा. काही दिसलं की तिथे लिहा, अगदी ‘अंत्यविधीला दोघे आले, बोलले नाहीत’ एवढंसुद्धा. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रात (4:2) जागृत राहणं आणि उपकारस्तुती एकाच वाक्यात आहेत. ज्याची नोंद नाही, त्याचे आभार मानायचे राहूनच जातात. दोन वर्षांत काहीच हललं नाही, असं मला तरी वाटत नाही.

यरुशलेमेचा कोट पुन्हा बांधताना शत्रूंचा धोका आला, तेव्हा नहेम्याने प्रार्थना केली आणि पहाराही बसवला. तुम्हीही दोघांना वेगवेगळं भेटा, भेटीच्या दिवशी सकाळी तीच मागणी पुन्हा मांडा. तीच ती मागणी रोज करायला लाजू नका. लूक 18 मध्ये एक विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाऊन न्याय मिळवते; तो दाखला अनेकजण उलटा वाचतात: देव त्या न्यायाधीशासारखा आहे म्हणून नव्हे, तो तसा नाही म्हणून चिकाटी धरायची. लांबलचक शब्दांची गरज नाही.

लढाई चालू असताना मोशेचे वर उचललेले हात थकले, तेव्हा ते अहरोन आणि हूर यांनी धरले होते. तुम्हीही दोघांना सोबत घ्या, शक्यतो मंडळीबाहेरच्या सेवकांना (दुसऱ्या पाळकांना). प्रार्थनासभेत त्या कुटुंबांची नावं घेतली की विनंतीची कुजबुज व्हायला वेळ लागत नाही.

आणि वेळ बदलून महिनाभरानेही असाच थकवा राहिला, रात्री झोप तुटत असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. आठवड्यातला एक पूर्ण दिवस सुट्टीचा आहे का, हेही आजच पाहा.