फिलिपिनो घरात नववर्षाची रात्र कशी असते?

फिलिपाइन्समधील कुटुंबे नवीन वर्षाचे स्वागत कसे करतात आणि त्या रात्री कोणी घरी बोलावले तर पाहुण्याने काय न्यावे, असे आपण विचारले आहे. पतीच्या नोकरीमुळे आम्ही मनिलाजवळच्या मारिकिना शहरात चार वर्षे एका कुटुंबाच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. घरमालकीण बाईंना सारी गल्ली ‘लोला’, म्हणजे आजी, म्हणत असे. आम्हीही तेच म्हणू लागलो. पुढे जे लिहीत आहे ते बहुतांशी त्यांच्या घरात पाहिलेले आहे.

फिलिपिनो माणसासाठी 31 डिसेंबर हा बाहेर जाऊन साजरा करण्याचा दिवस नसून घरी परतण्याचा दिवस आहे. देशातील सुमारे चार पंचमांश लोक रोमन कॅथलिक आहेत. त्यांच्याकडे 16 डिसेंबरपासून पहाटेच्या प्रार्थना सुरू होतात, 24 तारखेच्या मध्यरात्री नाताळचे जेवण होते आणि आठवड्याने पुन्हा मध्यरात्री नववर्षाचे जेवण होते. या दुसऱ्या जेवणाला ‘मेदिया नोचे’ म्हणतात. शब्द स्पॅनिश आहे, अर्थ मध्यरात्र. तीनशेहून अधिक वर्षांच्या स्पॅनिश राजवटीतून चर्च आणि मेजवानी आली, तर गोल फळे, नाणी, शेवया आणि फटाके यांच्यामागे तेथे कित्येक शतके वसलेल्या चिनी समाजाचा प्रभाव असल्याचे मानले जाते. या खर्चाला पैसा कोठून येतो, हेही सांगायला हवे. 1975 सालच्या एका अध्यादेशामुळे तेथील नोकरदारांना वर्षात तेराव्या महिन्याचा पगार मिळतो आणि तो 24 डिसेंबरपर्यंत द्यावाच लागतो.

या प्रथांची यादी आपल्याला कोठेही मिळेल, परंतु मला त्यांच्या मुळाशी एकच कल्पना दिसली. मध्यरात्री नवे वर्ष दारात येईल तेव्हा त्याला घर भरलेले दिसले पाहिजे. दुपारीच लोला तांदळाचा डबा काठोकाठ भरून घेत. मग मिठाची बरणी, साखरेची बरणी, पाण्याची पिंपे, घासलेटची बाटलीसुद्धा. मिठाची बरणी दोन बोटे रिकामी राहिली म्हणून त्यांनी नातवाला पुन्हा दुकानात पिटाळल्याचे मला आठवते. ‘मीठ संपले’ असे न म्हणता ‘मीठ वाढले’ म्हणणाऱ्या घरात मी वाढले असल्यामुळे त्यांची ही घाई मला मुळीच परकी वाटली नाही.

टेबलाच्या मध्यभागी बारा प्रकारची गोल फळे मांडतात, महिन्याला एक याप्रमाणे. काही घरे तेरा मांडतात. गोल आकार म्हणजे नाणे. संत्री, सफरचंद, द्राक्षे, चिकू, पोमेलो, खरबूज, कलिंगड इथपर्यंत काम सोपे असते. खरी धावपळ दहाव्या फळानंतर सुरू होते. शेवटच्या दोन-तीन दिवसांत मनिलाच्या दिविसोरिया बाजारात फळांचे भाव चढतात, तरीही बाया-माणसे एकेक फळ मोजून पिशवीत टाकत असतात. अंगावरचे कपडेही शक्यतो गोल ठिपक्यांचे असतात आणि खिशात सुटी नाणी असावी लागतात.

जेवणात डुकराच्या मांसाचा ‘हामोन’, लाल मेणाच्या आवरणातले गोल चीज आणि ‘पान्सित’ नावाच्या लांब शेवया असतात. शेवया दीर्घायुष्यासाठी, म्हणून त्या तोडायच्या नाहीत. आम्ही शाकाहारी असल्यामुळे लोला आमच्यासाठी गाजर, कोबी आणि फरसबी घालून वेगळ्या कढईत पान्सित करीत आणि वर ‘कालामान्सी’ हे तेथले बोराएवढे लिंबू पिळत. चिकट तांदूळ, नारळाचे दूध आणि काळपट साखर आटवून केलेला ‘बिको’ तर थेट आपल्या नारळीभाताचा भाऊ आहे. तो ढवळताना उलथने कढईत रुतून बसते, दोन्ही हातांनी ओढावे लागते. लोला म्हणत की भात जसा एकमेकांना धरून राहतो तसे कुटुंब राहावे. कोंबडी मात्र पुष्कळ घरे या रात्री टाळतात. ‘इसांग काहिग, इसांग तुका’ अशी तेथे म्हण आहे, म्हणजे एकदा उकरायचे आणि एकदा टिपायचे. आपण ज्याला हातावरचे पोट म्हणतो तेच. ते जिणे नव्या वर्षात घरी नको, म्हणून कोंबडी ताटात नको.

अकरा वाजून पन्नास मिनिटांनी घरातील सगळे दिवे लागतात. दारे, खिडक्या, कपाटे, इतकेच काय टेबलाचे खणही उघडले जातात. बाराचा ठोका पडताच जो आवाज उठतो तो शब्दांत सांगणे अवघड आहे. मोठी माणसे पातेली आणि झाकणे बडवतात, मुले ‘तोरोतोत’ नावाची पिपाणी फुंकतात, रस्त्यावर मोटारसायकली जागच्या जागी गुरगुरत राहतात. अवदसा पळून जावी हा हेतू. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री सूप वाजवून अलक्ष्मीला हाकलणारी माझी आजी तेथे असती, तर तिने क्षणात पातेले हाती घेतले असते. मुले त्याच वेळी उंच उंच उड्या मारतात, कारण त्यामुळे उंची वाढते असे मानतात. खिशातली नाणी त्यांच्याबरोबर खुळखुळतात.

फटाक्यांविषयी मी हातचे राखून लिहिणार नाही. 1992 मध्ये फटाक्यांच्या नियमनाचा कायदा झाला, 2017 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने घरोघरच्या फटाक्यांवर आणखी बंधने आली आणि आतषबाजी ठरावीक सार्वजनिक जागी करावी असे ठरले. तरीही दरवर्षी रुग्णालयांत जखमी येतातच आणि त्यांत लहान मुले पुष्कळ असतात. आम्ही तेथे राहत असताना आमच्या गल्लीतील एका दहा वर्षांच्या मुलाची दोन बोटे गेली. दावाओ शहराने 2002 पासून फटाके पूर्ण बंद केले आहेत आणि तेथले लोक पिपाण्या वाजवून तितक्याच उत्साहाने नववर्ष साजरे करतात; हा मार्ग सर्व शहरांनी घ्यावा असे मला मनापासून वाटते.

आवाज ओसरला की फोन लागतात. लोलांची धाकटी मुलगी रियाधमध्ये परिचारिका होती. तेथे त्या वेळी संध्याकाळचे सात वाजलेले असत. फोन फळांच्या परडीला टेकवून उभा केला जाई, नातवंडे एकामागून एक त्याच्यासमोर येत आणि लोला तिला विचारत, तू आज काय जेवणार? ऑक्टोबरमध्ये तिने जहाजाने पाठवलेल्या खोक्यातले टॉवेल आणि चॉकलेटे त्याच खोलीत असत. परदेशी राबणारे माणूस असलेली घरे तेथे पुष्कळ आहेत, त्यामुळे हा फोन आता मेदिया नोचेचाच एक भाग झाला आहे.

आपल्याला बोलावणे आले, तर रात्री दहाच्या सुमारास जावे. सोबत फळे न्यावीत, गोल असलेली, आणि आधी विचारून न्यावीत, म्हणजे बारातले जे मिळाले नसेल ते नेता येईल. घरातील वृद्धांचा उजवा हात घेऊन कपाळाला लावावा. आपण वाकून नमस्कार करतो तितकेच त्याला महत्त्व आहे. निघताना डबा भरून देतील, तो नाकारू नये.

1 जानेवारीला केर काढत नाहीत आणि पैसेही हातातून जाऊ देत नाहीत, नाहीतर वर्षभर ते जातच राहतात असे मानतात. पहिल्या वर्षी मी रिवाजाप्रमाणे महिन्याचे भाडे घेऊन सकाळीच खाली गेले. लोलांनी पाकीट माझ्याच हातात मिटवले आणि म्हणाल्या, “आज तुझ्या घरातून काही बाहेर जायला नको, उद्या दे.”