तिरुवनंतपुरमच्या बदलीसाठी कोल्हापूरचं घर विकावं का?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी त्यातला मजकूर आधी थोडक्यात मांडतो. तुमचं वय ४५, इस्रोत अभियंता म्हणून २००५ पासून नोकरी, सध्या भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागाचं काम. आजवर बंगळुरूत एकटे राहत होता. पत्नी, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि ७४ वर्षांच्या आई कोल्हापुरात. शुक्रवारी रात्री बस धरली की शनिवारी सकाळी चहाला घरी, असं महिन्यातून दोनदा जमत होतं. आता बदली तिरुवनंतपुरमला झाली आहे आणि ती सोय संपली. म्हणून तुमचा विचार असा, की पत्नीनं जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या नोकरीचा राजीनामा द्यावा, कोल्हापूरचं ७० लाखांचं बिनकर्जाचं घर विकावं आणि वर २५ लाखांचं कर्ज काढून तिथल्या इस्रो केंद्राच्या थुंबा परिसराजवळ ८५ लाखांचा फ्लॅट घ्यावा. पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘पैसा गेला तरी चालेल, पण मुलांना बाप हवा.’

हे वाक्य मी अगदी गंभीरपणे घेतलंय. मुलांना बाप मिळावा यासाठीच पैसा वापरायचा आहे. पण तुम्ही आखलेल्या मार्गानं पैसा बराच जाईल आणि बाप मिळेल याची खात्री नाही. राजीनामा नको आणि घरविक्रीही नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी वहिनींच्या नोकरीकडे पाहू, कारण तुमच्या घरातली सगळ्यात मौल्यवान आर्थिक गोष्ट तीच आहे. कोल्हापूरचं घरही तिच्यानंतर येतं. त्या २००१ मध्ये शिक्षणसेवक म्हणून लागल्या आणि २००४ मध्ये नियमित वेतनश्रेणीत आल्या. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना अंशदायी, म्हणजे पगारातून कापलेली रक्कम बाजारात गुंतवणारी, निवृत्तिवेतन योजना लागू झाली. वहिनी त्याआधीच्या, म्हणजे जुन्या निवृत्तिवेतनाच्या हक्कदार. तुम्ही स्वतः २००५ चे, केंद्राच्या सेवेत १ जानेवारी २००४ नंतर आलेले, म्हणून तशाच धर्तीच्या राष्ट्रीय पेन्शन प्रणालीत. घरात बाजाराच्या चढउताराशी संबंध नसलेलं, महागाई भत्त्यासह वाढत जाणारं निवृत्तिवेतन एकच आहे आणि ते त्यांचं आहे.

तुम्ही ‘राजीनामा’ हा शब्द सहज वापरलाय. सेवा नियमांत राजीनामा दिला की मागची सगळी सेवा बुडते. वीस वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी) सेवा झालेल्यांना तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि निवृत्तिवेतनाचा हक्क टिकतो. तेव्हा कधी काळी ही वेळ आलीच, तर अर्ज स्वेच्छानिवृत्तीचाच करायचा. राजीनाम्याचा कागद घरात लिहायलाही घेऊ नका.

आता स्वेच्छानिवृत्तीचाच हिशोब करू. वहिनींचं मूळ वेतन ६०,४०० रुपये. महागाई भत्ता ५८ टक्के आणि ग्रामीण शाळेचा घरभाडे भत्ता १० टक्के धरला, तर एकूण वेतन १ लाख १ हजारांच्या पुढे जातं. निवृत्तिवेतन पूर्ण ५० टक्के मिळेल असं धरलं, तरी ३०,२०० आणि त्यावर महागाई भत्ता, म्हणजे पावणेअठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास. दरमहा ५३ हजारांची घट. त्या ५८ व्या वर्षापर्यंत, म्हणजे अजून १४ वर्षं शिकवत राहिल्या, तर वर्षाला ३ टक्के वेतनवाढीनं मूळ वेतन ९१ हजारांवर जाईल. यात नव्या वेतन आयोगाचा एक रुपयाही धरलेला नाही. म्हणजे आज थांबल्या तर ३० हजारांचा पाया, तेव्हा थांबल्या तर ४५ हजारांचा, आणि हा फरक आयुष्यभराचा. शिवाय पंचवीस वर्षं एका जिल्ह्यात शिकवणाऱ्या बाईंना तिरुवनंतपुरमला मराठी शाळेतली नोकरी मिळणार नाही. त्यांच्या कामाची किंमत मी फक्त रुपयांत मांडतोय, पण ती तेवढीच नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. पत्रात त्यांचं स्वतःचं मत कुठेच दिसलं नाही, हे मला खटकलं.

मग दुरावा सोसायचा का? त्याचा खर्च काढून बघू. तुम्ही बंगळुरूतही भाड्यानंच राहत होता, म्हणजे दुसरी चूल आधीपासूनच पेटलेली आहे. तिथलं भाडं २४ हजार, थुंब्याच्या बाजूला एकट्यापुरतं चांगलं घर १४ हजारांत बसेल असं तुम्हीच लिहिलंय. दहा हजार वाचले. पण बंगळुरू ‘एक्स’ वर्गातलं शहर, तिरुवनंतपुरम ‘वाय’ वर्गातलं, त्यामुळे घरभाडे भत्ता ३० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर येईल. तुमच्या १,३४,५०० मूळ वेतनावर ही १३,४५० रुपयांची घट, कर जाऊन सव्वानऊ हजार. भाड्यातली बचत आणि भत्त्यातली घट जवळपास बरोबरीत सुटली. वाहतूक भत्ताही शहरानुसार बदलतो, त्यात चारेक हजार कमी होतील असं धरून ठेवा.

उरला प्रवास. महिन्यातून एकदा तिरुवनंतपुरम ते बंगळुरू विमान आणि तिथून कोल्हापूरची रात्रीची बस, येऊन-जाऊन १२ हजार. सण आणि आईंची तब्येत धरून वर्षाला अशा १४ फेऱ्या म्हणजे १ लाख ६८ हजार. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत वहिनी आणि दोन्ही मुलं तुमच्याकडे, त्याचे ७२ हजार. एकूण २ लाख ४० हजार. बंगळुरूच्या फेऱ्यांवर तुमचे ७२ हजार आधीच जात होते, तेव्हा वाढीव खर्च वर्षाला १ लाख ६८ हजार, महिन्याला १४ हजार. भत्त्यातली घट मिळवून १८ हजार.

एका बाजूला १८ हजार आणि दुसऱ्या बाजूला ५३ हजार. यात फ्लॅटचा हप्ता अजून आलेलाच नाही.

या १४ फेऱ्या म्हणजे कपात करण्याची जागा नव्हे. बहुतेक घरांत उलटं होतं. आधी म्युच्युअल फंडातली एसआयपी जाते, मग विम्याचा हप्ता, मग उरलं तर तिकीट, आणि महागडं दिसलं की ‘पुढच्या महिन्यात बघू’. तुम्ही एक वेगळं बचत खातं उघडा, पगाराच्या दिवशी त्यात २० हजार आपोआप जाऊ द्या आणि तीन महिन्यांची तिकिटं एकदम काढून ठेवा. एखाद्या चाचणीमुळे तिकीट रद्द करावं लागलं तर पैसे बुडतील, बुडू द्या. तीन महिने न जाण्यापेक्षा ते स्वस्त आहे. तुमच्यासारखी माणसं, ज्यांना काम सोडून निघणं जमत नाही, ती तिकीट हातात असलं तरच निघतात. आणि महिन्यातून एकदाच जाणार असाल, तर शुक्रवार किंवा सोमवारची रजा जोडून तीन दिवस राहा. अर्जित रजा साठवून शेवटी तिचे पैसे घेण्याचा बेत या काही वर्षांपुरता बाजूला ठेवा.

फ्लॅटचं प्रकरण त्यामानानं सरळ आहे. केरळात मुद्रांक शुल्क ८ टक्के आणि नोंदणी शुल्क २ टक्के. ८५ लाखांवर साडेआठ लाख रुपये पहिल्याच दिवशी गेले. तुमच्या वाढीव प्रवासाची ही पाच वर्षं झाली. वर २५ लाखांच्या कर्जाचा हप्ता, ८ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी, दरमहा सुमारे २४ हजार. घर विकून घर घेतलं की नफ्यावरचा कर वाचतो हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण नवं घर तीन वर्षांच्या आत विकावं लागलं, तर वाचलेला नफा पुन्हा हिशोबात धरला जातो. आणि तुमच्या बाबतीत ‘विकावं लागलं तर’ ही शक्यता लांबची नाही.

स्थानकाचं वेळापत्रक तुम्ही मला शिकवाल, पण पैशाच्या बाजूनं त्यातून मला जे दिसतं ते सांगतो. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं गगनयान कार्यक्रमाची व्याप्ती वाढवून स्थानकाच्या पहिल्या भागाला मंजुरी दिली, एकूण तरतूद २०,१९३ कोटींवर गेली आणि डिसेंबर २०२८ पर्यंत आठ मोहिमांचं उद्दिष्ट ठेवलं. पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत. हे काम एका गावात बसून होणारं नाही. प्रक्षेपकाचं काम थुंब्याला, इंजिनांच्या चाचण्या महेंद्रगिरीला, मानवी उड्डाणाचं केंद्र बंगळुरूत, उड्डाण श्रीहरिकोट्याहून. पहिला भाग वर गेला की तुमची गरज यांपैकी कुठे लागेल हे आज तुमचे गटप्रमुखही सांगू शकणार नाहीत. आणि तारखा पुढे सरकतात. गगनयान २०१८ मध्ये लाल किल्ल्यावरून जाहीर झालं तेव्हा २०२२ चं लक्ष्य होतं. यात कुणाचा दोष नाही, माणसाला वर पाठवायचं तर घाई करून चालतच नाही. पण घरचा हिशोब ‘तीन वर्षांची बदली’ असा न करता सहा वर्षांचा करा. माझी सगळी आकडेमोड सहा वर्षं टिकते. फ्लॅटची टिकत नाही, कारण ती तुम्ही एकाच गावी राहाल या एका गोष्टीवर उभी आहे.

मुलीचं शिक्षण मी मुद्दाम वेगळं काढलं. ती नववीत, राज्य मंडळाच्या शाळेत आणि तिला डॉक्टर व्हायचंय. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी, काही अपवाद सोडता, अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातून उत्तीर्ण असावी लागते. ती केरळात दहावी झाली तर अपवादांच्या कागदपत्रांमागे धावावं लागेल. सरकारी महाविद्यालयाची जागा हुकून खासगीत जावं लागलं, तर फीमधला फरक बहुतेक घरांना गदगदा हलवतो. तिच्या बारावीपर्यंत, म्हणजे पुढची चार वर्षं, कोल्हापूरचं बिऱ्हाड हलवू नये. धाकट्याचं तसं नाही. त्याला पुढे वर्षभर तुमच्याकडे केंद्रीय विद्यालयात ठेवायचं मनात आलं, तर केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना तिथे प्राधान्य असतं. पण आईपासून त्याला तोडायचं का, हा प्रश्न माझ्या कक्षेबाहेरचा.

दोन्ही मुलांचा शिक्षण भत्ता घेताय ना? महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून तो दरमहा प्रत्येकी २,८१२.५० रुपये आहे. पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून विचारतो. घरभाड्याच्या पावत्यांमागे मात्र लागू नका. जुन्या करप्रणालीत करमाफी मिळते ती भाड्यातून मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याचे १० टक्के वजा करून. तुमचे ते १० टक्केच २१ हजारांवर जातात, भाडं १४ हजार. करमाफी शून्य. गृहकर्जही नाही, तेव्हा नवी करप्रणालीच तुम्हाला सोयीची.

विमा एजंटनं सुचवलेली वर्षाला २ लाख हप्त्याची ‘मुलांची योजना’ घेऊ नका. दूर राहणाऱ्या बापाच्या मनाला जी टोचणी असते, तिच्यावर असल्या योजना विकल्या जातात. वर्षभराच्या सगळ्या वाढीव फेऱ्या त्या हप्त्यात बसतात आणि वर पैसे उरतात. त्याऐवजी दीड कोटींचा साधा मुदत विमा घ्या, तोही या महिन्यात. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी लागत नाही.

रजा प्रवास सवलतीत तुमच्यासारख्यांसाठी एक खास पर्याय आहे. कुटुंब मूळ गावी राहत असेल, तर बाकी सगळ्या सवलती सोडून कर्मचारी एकटा दर वर्षी मूळ गावी जाऊ शकतो. ऐकायला गोड आहे, पण घेऊ नका. चार वर्षांतून एकदा अख्ख्या कुटुंबाला देशात कुठेही नेण्याची सवलत त्यात जाते आणि ती तुमच्या एकट्याच्या फेऱ्यांपेक्षा जास्त रकमेची आहे. बदली अनुदान मात्र हक्काचं घ्या: मूळ वेतनाच्या ८० टक्के, म्हणजे १,०७,६०० रुपये. ते थेट प्रवासाच्या खात्यात टाका, म्हणजे पहिल्या वर्षाच्या फेऱ्यांची निम्म्याहून जास्त रक्कम तिथेच उभी राहील.

नोकरी सोडून बंगळुरूच्या खासगी कंपनीत जाण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, मीही थोडक्यात सांगतो. तुमची वीस वर्षं झाली आहेत, त्यामुळे तीन महिन्यांच्या नोटिशीनं स्वेच्छानिवृत्ती आणि नियत निवृत्तीसारखेच पेन्शन प्रणालीचे लाभ, हे दार पुढच्या वर्षीही उघडंच राहील. वीस वर्षं ज्या कामासाठी घासलीत ते आता कुठे हाती आलंय. बदलीच्या धक्क्यात तो निर्णय घेऊ नका.

रुजू होण्याआधी लेखा विभागाला दोन गोष्टी लेखी विचारा. एक, अंतराळ विभागाच्या अंशदायी आरोग्य योजनेत कोल्हापुरातल्या आईंना आणि मुलांना उपचार कुठे आणि कसे मिळतील. उत्तर समाधानकारक नसेल, तर आईंसाठी पाच लाख रुपये मुदत ठेवीत वेगळे ठेवा, वहिनींच्या आणि तुमच्या संयुक्त नावानं, दोघांपैकी कुणालाही काढता येतील असे. दुसरं, कुटुंबाच्या स्थलांतराचा प्रवासखर्च मिळायचा तर बदलीनंतर सहा महिन्यांच्या आत कुटुंबानं हलावं लागतं, ती मुदत कोणत्या तारखेला संपते. मत बदललंच, तर तारीख माहीत असलेली बरी.

आणि वहिनींची सेवापुस्तिका पाहून त्यांच्या नियमित नियुक्तीची नेमकी तारीख आणि भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक नोंदलेला आहे का, एवढं मला कळवा. जुन्या निवृत्तिवेतनाचा माझा सगळा हिशोब या दोन नोंदींवर उभा आहे. उत्तर त्यांनी स्वतः लिहिलं तर अधिक चांगलं.