पहिला ‘तू’ कितव्या पानावर?

गेल्या अंकात आवाहन केलं होतं की ऐतिहासिक प्रेमकथा लिहून स्वतःच प्रकाशित करू पाहणाऱ्यांनी प्रश्न पाठवावेत. पत्रं भरपूर आली. निम्म्यांत प्रश्नच नव्हता, नुसतं कथानक होतं. ती मी आवडीने वाचली, पण उत्तरं प्रश्नांनाच देते. माझ्याविषयी एवढंच सांगते की १९ वर्षं मी दुसऱ्यांच्या पुस्तकांचं मुद्रितशोधन केलं आणि मग स्वतःच्या ६ कादंबऱ्या स्वतःच काढल्या. त्यातली पहिली कुणाच्या हातात दिसली की आजही मी विषय बदलते.

ताई, माझी कादंबरी १८१६ सालच्या इंग्लंडमध्ये घडते. तीन वर्षं संदर्भ वाचतेय, पाच वह्या भरल्या, पण लेखन पहिल्या प्रकरणापुढे जात नाही. अजून किती वाचायला हवं? सोबत ते प्रकरण पाठवतेय.

वाचन आजपासून बंद करा. प्रकरण वाचलं. बग्गीच्या चाकांवर तुम्ही सव्वा पान खर्च केलं आहे आणि नायिकेला प्रियकराचं पत्र येतं ते मात्र दोन ओळींत उरकलं आहे. तुमच्या वह्यांत काय असेल याचा मला अंदाज आहे, म्हणून सांगते. त्या काळी इंग्लंडात टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावे लागत. पत्र किती लांबून आलं आणि त्यात कागद किती, यावर ते ठरत. पाकीट वापरलं तर तोही एक कागद धरला जाई, म्हणून लोक पत्राचीच घडी घालून लाखेने बंद करत. एक पान आडवं लिहून झालं की तोच कागद फिरवून त्यावर उभं लिहीत. सगळीकडे एकच पेनीचा दर आणि चिकटवायचं तिकीट या गोष्टी आल्या १८४० मध्ये.

आता तुमची नायिका बघा. मावशीच्या घरी आश्रित, हातात स्वतःचा पैसा नाही. दारात टपालवाला उभा. पत्र सोडवायचं तर मावशीकडे पैसे मागायचे, म्हणजे पत्र कुणाचं तेही सांगायचं. नाही सोडवलं तर पत्र परत जाणार. संसदेच्या सदस्यांना मात्र वर सही करून पत्र फुकट पाठवता येई. मग नायकाने कुणा खासदाराची सही मिळवली का? त्या बदल्यात त्याला काय कबूल करावं लागलं? हे तुमचं पूर्ण प्रकरण झालं, आणि चाकांचा उल्लेखही लागला नाही.

वह्यांतलं काय ठेवायचं याची माझी चाळणी एकच आहे: त्या दोघांच्या आड येतं किंवा त्यांना जवळ आणतं, तेवढंच ठेवायचं. विवाहाचा कायदा ठेवा. १७५४ पासून इंग्लंडात २१ वर्षांखालच्या मुलीला परवाना काढून लग्न करायचं तर वडिलांची संमती लागे. चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारून करावं, तर वडील उठून हरकत घेऊ शकत. स्कॉटलंडात तो कायदा लागू नव्हता. तिथे साक्षीदारांसमोर एकमेकांना पती-पत्नी म्हटलं की पुरे, म्हणून जोडपी सीमेवरच्या ग्रेटना ग्रीन गावाकडे पळत. लंडनहून तीनशे मैलांच्या वर अंतर. दिवसरात्र घोडे बदलत गेलं तरी दोन-तीन दिवस एका बंद गाडीत दोघंच. आणि मागून वडील. माझ्यासारखीला आणखी काय हवं! पण तुमची कथा पुढे १८५६ नंतरच्या पिढीत जाणार असेल तर सांभाळा. तेव्हा नियम बदलला, आणि दोघांपैकी एकाने तरी आधी २१ दिवस स्कॉटलंडात राहिलेलं असणं भाग झालं.

एक चूकही दाखवते. जुलै १८१६ मधली तुमची दुपार लख्ख उन्हाची आहे, बागेत नाच चालला आहे. एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्याने हवेत फेकलेल्या द्रव्यामुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा म्हणावा तसा आलाच नाही. थंडी, पाऊस, पिकं बुडालेली. १८१६ ला उन्हाळा नसलेलं वर्षच म्हणतात. तुमचा नाच पावसाने मोडू दे. पाहुणे चार दिवस एकाच घरात अडकले तर तुमचंच काम सोपं होईल.

(वाचन बंद करा म्हणाले आणि मीच चार गोष्टी वाढवल्या. ही खोड जात नाही. म्हणून पहिला खर्डा लिहिताना मी कपाट उघडतच नाही. अडलं तिथे कंसात ‘तपासा’ लिहून पुढे जाते. मागच्या कादंबरीत असे ८७ ‘तपासा’ होते. त्यातले ३० तर तपासावेच लागले नाहीत, कारण ते प्रसंगच गळले.)

भाषा कोणती वापरावी? जुनं मराठी वापरलं तर तरुण वाचक कंटाळतात आणि आजचं वापरलं तर खोटं वाटतं.

आजचंच वापरा, फक्त त्यातलं यंत्र काढून टाका. आपल्या बोलण्यात यंत्रं किती बेमालूम शिरली आहेत! एका हस्तलिखितात आगगाडीच्या शंभर वर्षं आधीची नायिका म्हणते, ‘संसाराची गाडी रुळावर आली.’ रूळ आले कुठून? कुणाला रागाने ‘करंट’ लागतो, कुणाच्या तोंडाला ‘ब्रेक’ नसतो, कुणी ‘फोटोत बसल्यासारखी’ बसते. फोटोचं तंत्र जगापुढे आलं १८३९ मध्ये. आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या मराठी पत्राच्या डोक्यावर ‘दिनांक’ लिहू नका. तो शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीतून रूढ झाला, विसाव्या शतकात. तिथी लिहा, नाहीतर तारीख. ‘मानसिकता’ आणि ‘संकल्पना’ हेही दारातूनच परत पाठवा. बाकी ‘जाहले’, ‘वदली’ यांची गरज नाही. चार पानांत एखादा जुना शब्द पेरला तरी पुरतो.

प्रणयप्रसंग किती मोकळे लिहावेत? घरचेही वाचणार आहेत.

घरचे वाचत नाहीत हो. विकत घेतात, फोटो काढतात आणि ठेवून देतात. निर्धास्त लिहा.

मोकळेपणाचं माप तुमचं तुम्ही ठरवा, पण पुस्तकभर एकच ठेवा. पहिल्या भागात दार लावून घेतलंत तर शेवटच्या भागात अचानक उघडू नका. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरचा मजकूर यांवरूनही ते माप कळलं पाहिजे, कारण नाराज वाचक बहुतेक वेळा फसवला गेलेला वाचक असतो. संमतीचं मात्र काळाच्या नावाखाली खपवू नका. ‘तेव्हा असंच चालायचं’ हे खलनायकाला चालेल. नायकाने नायिकेचा होकार ऐकलेला वाचकाला दिसायला हवा.

आणि एक गोष्ट आपल्या भाषेने आपल्याला फुकट दिली आहे, तिच्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत. इंग्रजीत एकच ‘यू’. आपल्याकडे ‘तुम्ही’ आहे, ‘आपण’ आहे आणि ‘तू’ आहे. ‘तुम्ही’ म्हणणारा माणूस पहिल्यांदा ‘तू’ म्हणतो, तो क्षण नीट बांधला तर त्याच्यापुढे चुंबनही फिकं पडतं. माझ्या तिसऱ्या कादंबरीत ती त्याला १८४ पानं ‘आपण’ म्हणते. मग तो तापाने फणफणलेला असताना तिच्या तोंडून निघून जातं, ‘तू झोप आता.’ दोघंही गप्प होतात. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ‘आपण’वर येते आणि तो दिवसभर चिडलेला असतो. त्या एका पानाबद्दल मला जितकी पत्रं आली तितकी बाकीच्या सगळ्या पुस्तकाबद्दल नाहीत. लिहायला बसण्याआधी ठरवा: कोण आधी ‘तू’ म्हणणार, कितव्या पानावर, आणि कुणासमोर? पाठवलेल्या हस्तलिखितांपैकी तीनांत नायक पहिल्याच भेटीत अनोळखी मुलीला ‘तू’ म्हणतो. हातातला हुकमाचा पत्ता पहिल्याच डावात फेकलात की.

शेवटी नायक लढाईत मरतो. चालेल ना?

कादंबरी म्हणून चालेल. प्रेमकथा म्हणून विकू नका. या प्रकारचा वाचक अडथळे कितीही सोसतो, पण शेवटी दोघं एकत्र हवीत, या बोलीवर तो पैसे देतो.

खरी ऐतिहासिक व्यक्ती नायक म्हणून घेता येईल का?

मी घेत नाही. खऱ्या माणसाच्या तोंडी प्रेमाचे संवाद घालायचे तर पानोपानी पुरावा आठवतो आणि हात आखडतो. खरी माणसं मी शेजारच्या खोलीत ठेवते. त्यांचा आवाज येतो, त्यांचे हुकूम सुटतात, त्यांच्यामुळे लग्नं मोडतात. प्रेमात पडणारी दोघं माझी. शेवटी लेखिकेची टीप देते आणि काय खरं, काय रचलेलं, कोणती तारीख कथेसाठी सरकवली हे सांगून टाकते. कितीतरी वाचक ती टीप आधी वाचतात.

दोन प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. आता स्वतःच काढायचं ठरवलंय. सुरुवात कुठून करू? आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, लागतो का? केडीपी, म्हणजे अमेझॉनची स्वतः पुस्तक काढायची सेवा, बरी की छापील?

सुरुवात ‘नाही’ म्हणणारं माणूस शोधण्यापासून करा. प्रकाशक तेच काम करत असतो. कधी चुकीचं करतो, पण करतो. स्वतः काढायचं ठरवलं की अडवणारं कुणीच उरत नाही. जास्तीची ९० पानं, भडक मुखपृष्ठ, नायकाला दिलेलं स्वतःच्या पहिल्या प्रेमाचं नाव, सगळं खपून जातं. तेव्हा पहिला पैसा संपादकावर. तो कथा बघेल, आणि मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ बघेल. ही दोन कामं वेगळी आहेत, एकाच माणसाकडून एकाच वाचनात होत नाहीत. आणि स्वतःचं मुद्रितशोधन स्वतः करू नका. १९ वर्षं तेच काम केलेली बाई सांगतेय.

माझी पहिली कादंबरी जुन्या, युनिकोड (कुठल्याही यंत्रावर अक्षरं तीच राहतात ती पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली होती. ई-बुकसाठी ती युनिकोडमध्ये आणताना एक अक्षर वाटेत गळालं: ‘ऱ्या’मधला अर्धा र. वाऱ्यावर उडणारे केस ‘वायावर’ उडाले. ‘चेहऱ्यावर’चं ‘चेहयावर’ झालं. प्रेमकथेत ‘चेहऱ्यावर’ हा शब्द किती वेळा येतो, मोजलंय कधी? मी मोजलं, २१२ वेळा. मी अंतिम प्रत दोनदा वाचली होती, आणि दोन्ही वेळा डोळ्यांनी तो र आपणहून भरून घेतला. वाचकांच्या डोळ्यांनी नाही घेतला. म्हणून टाइप पहिल्यापासून युनिकोडमध्येच करा. तरीही अंतिम फाइल मोबाइलवर उघडून रफार, जोडाक्षरं आणि हा अर्धा र शोधून बघा.

आयएसबीएन १३ आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आवृत्तीला वेगळा लागतो, म्हणजे कागदी पुस्तकाला एक, ई-बुकला दुसरा. केडीपीवर नुसतं ई-बुक काढायचं तर तो सक्तीचा नाही, अमेझॉन स्वतःचा क्रमांक देतं. ई-बुकचं मानधन तिथे ३५ किंवा ७० टक्के असतं. ७० साठी किंमत ठरलेल्या पट्ट्यात ठेवावी लागते, आणि काही देशांतल्या विक्रीवर ते केडीपी सिलेक्टमध्ये नाव घातलं तरच मिळतं. सिलेक्ट म्हणजे ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही विकायचं नाही. त्या बदल्यात अमेझॉनला वर्गणी भरणाऱ्या वाचकांनी तुमची जितकी पानं वाचली तितक्या पानांचे पैसे मिळतात. ही अट ई-बुकपुरती आहे, कागदी प्रती कुठेही विका. माझं मत विचाराल तर पहिल्या पुस्तकाला ९० दिवस द्यायला हरकत नाही. मुदत संपली की ते आपोआप पुढच्या ९० दिवसांसाठी सुरू होतं, तेवढी खूण कॅलेंडरवर करून ठेवा.

कागदी प्रतींसाठी मागणीनुसार छपाई घ्या. हजार प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली ठेवून झोप येत नाही, हा अनुभव आहे. मुखपृष्ठ मात्र पानांची संख्या पक्की झाल्यावरच अंतिम करून घ्या, कारण कण्याची जाडी पानांवर ठरते. मुखपृष्ठावर जुनं चित्र वापरणार असाल तर ते हक्कमुक्त आहे का बघा. आत एखादी जुनी कविता भाषांतरात देणार असाल, तर मूळ कवी कितीही जुना असला तरी भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो, हे ध्यानात असू द्या.

कादंबरी येऊन ४० दिवस झाले. ११ प्रती गेल्या. कुठे चुकलं?

मलपृष्ठावरचा मजकूर पाठवलात ते बरं केलंत. त्यात राजवंश आहे, तह आहे, सरदारांची भांडणं आहेत, आणि नायिकेचं नाव पाचव्या वाक्यात येतं. नायकाचं येतच नाही. पहिल्या दोन वाक्यांत ती कोण, तो कोण, आणि दोघांच्या मध्ये काय उभं आहे हे यायला हवं. तह काढून टाका. मुखपृष्ठावर किल्ला आहे, त्यामुळे ते लढायांचं पुस्तक वाटतं. माणसं दिसू द्या. ई-बुकचं मुखपृष्ठ केव्हाही बदलता येतं, तेवढी एक चैन आपल्याला आहे. जाहिरातीवर इतक्यात खर्च करू नका. नायिकेच्या धाकट्या बहिणीला तुम्ही उगाच इतकं छान रंगवलेलं नाही, तिची गोष्ट लिहायला घ्या. दुसरं पुस्तक आलं की पहिलं पुन्हा हलतं. माझं तिसऱ्यानंतर हललं.

त्या ११ प्रतींपैकी किती तुम्ही स्वतःच घेतल्या, ते पत्रात लिहिलेलं नाही. मी माझ्या चार घेतल्या होत्या.