वॉशिंग्टनच्या घरातले ‘सेवक’ आणि आपला ‘गुलाम’ हा शब्द

एका मासिकासाठी अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षांवर लेख लिहिणाऱ्या वाचकाने विचारलं आहे: “माझ्या लेखात ‘वॉशिंग्टन यांच्याकडे शेकडो गुलाम होते’ असं वाक्य आहे. संपादकांनी ‘गुलाम’ खोडून ‘सेवक’ केलं. लेखाची सुरुवातच ‘ब्रिटिशांच्या गुलामगिरीतून मुक्त झालेली अमेरिका’ अशी आहे, त्यामुळे पुन्हा तोच शब्द खटकतो, असं त्यांचं म्हणणं. ‘सेवक’ मला पटत नाही. ‘दास’ चालेल का?”

‘गुलाम’च ठेवा. खोडायचाच असेल तर पहिल्या वाक्यातला खोडा.

राजकीय परवशतेसाठी मराठीत ‘पारतंत्र्य’ हा नेमका शब्द आहे. स्वातंत्र्यचळवळीच्या भाषणांतून ‘गुलामगिरी’ हा शब्द त्या अर्थानेही रुळला. आपल्याच देशाबद्दल संतापाने बोलताना तो शोभलाही. पण तुमच्या लेखात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी येतात: इंग्लंडच्या राजाला कर द्यायला नकार देणारे मळेवाले आणि त्यांच्याच मळ्यात राबणारी, विकत घेतलेली माणसं. दोघांच्या स्थितीला एकच शब्द लावला की दुसऱ्यांची स्थिती वाचकाला दिसेनाशी होते. हा गोंधळ त्या काळच्या अमेरिकी पुढाऱ्यांच्या भाषेतही होता. ऑगस्ट 1774 मध्ये ब्रायन फेअरफॅक्स या स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात खुद्द वॉशिंग्टन म्हणतात की, आज हक्क सांगितले नाहीत तर सवयीने आपणही असेच लाचार गुलाम होऊ, ज्या काळ्या माणसांवर आपण मनमानी सत्ता चालवतो त्यांच्यासारखे. दोन्ही अर्थ एकाच वाक्यात आहेत आणि उपमा कुठून घेतली हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. मला हे वाक्य फार अस्वस्थ करतं. म्हणून तुमच्या लेखात वसाहतींच्या स्थितीला ‘पारतंत्र्य’ आणि मळ्यावरच्या माणसांच्या स्थितीला ‘गुलामगिरी’ अशी वाटणी कटाक्षाने करा.

आता ‘सेवक’. हा शब्द सौम्य म्हणून संपादकांना बरा वाटला असेल, पण असे सौम्य शब्द मालकांनाही बरे वाटत. 1787 साली तयार झालेली अमेरिकेची राज्यघटना काढून पाहा. गुलामीबद्दलची कलमं तिच्यात आहेत, पण ‘गुलाम’ हा शब्द मूळ मजकुरात एकदाही नाही. लोकसंख्या मोजताना गुलामांचे तीन पंचमांश धरायचे, तिथे शब्द आहेत ‘इतर सर्व व्यक्ती’. पळालेल्याला परत मालकाच्या हवाली करायचं, तिथे आहे ‘सेवा किंवा श्रम यांना बांधलेली व्यक्ती’. 1808 पर्यंत गुलामांची आयात बंद करता येणार नाही हे सांगतानाही ‘अशा व्यक्ती’ एवढंच. ‘गुलामगिरी’ हा शब्द त्या घटनेत आला तो 1865 च्या तेराव्या दुरुस्तीत, म्हणजे ती प्रथा बंद करताना. ‘सेवक’ लिहून आपण नकळत त्याच आडोशाला उभे राहतो. सेवकाला पगार असतो, तो नोकरी सोडू शकतो, त्याची मुलं जन्मतः मालकाची होत नाहीत.

‘दास’ही नको, पण कारण वेगळं आहे. आपल्याकडे ‘दास’ शब्दाला भक्तीने मोठेपण दिलं आहे. रामदास हे नाव माणूस अभिमानाने घेतो, ‘दासानुदास’ म्हणवून घेण्यात धन्यता मानतो. हे दास्य स्वतःहून पत्करलेलं असतं. माउंट व्हर्नन या वॉशिंग्टन यांच्या व्हर्जिनियातल्या मळ्यावरच्या कुणीही ते पत्करलं नव्हतं.

मग ‘गुलाम’ अगदी निर्दोष आहे का? तसंही नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘मुलगा, पोरगा’. फारसीतून तो आपल्याकडे आला आणि शाळेच्या इतिहासात दिल्लीचं ‘गुलाम घराणं’ होऊन बसला. अहमदनगरच्या निजामशाहीचा मलिक अंबर आपल्याला माहीत असतो: हबसाणातून (आजच्या इथिओपियातून) आणलेला, एकाहून अधिक वेळा विकला गेलेला आणि शेवटी राज्याचा कारभार हाती घेऊन मोगलांना जेरीला आणणारा. त्यामुळे गुलाम म्हणजे लहानपणी विकला गेलेला, पण तलवारीच्या जोरावर वर येऊ शकणारा माणूस, अशी एक छटा मराठी कानात असते. व्हर्जिनियातला गुलाम तसा नव्हता. 1662 मध्येच तिथे कायदा झाला होता की आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणीही असो. मालकापासून झालेलं मूलसुद्धा मालकाची मिळकत. म्हणून लेखात एकदा, पहिल्या उल्लेखाच्या वेळी, ‘पिढीजात मिळकत म्हणून बाळगलेले गुलाम’ असं स्पष्ट लिहा. पुढे नुसतं ‘गुलाम’ पुरे. माणसाकडे लक्ष वेधायचं असेल तिथे ‘गुलामीत ठेवलेली माणसं’ म्हणा. मला तो प्रयोग आवडतो, कारण त्यात ठेवणारा कुणीतरी आहे हे दिसतं.

इथे एक गोष्ट बोलून दाखवावीशी वाटते. ‘दादागिरी’ दादा करतो, ‘कारकुनगिरी’ कारकून करतो. त्या हिशेबाने ‘गुलामगिरी’ हा शब्द गुलामाच्या वाट्याला जातो, जणू ती त्याचीच वागणूक. माणसांना गुलाम करण्याच्या कृत्याला आपल्याकडे सुटसुटीत नाम नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये आपल्या पुस्तकाला ‘गुलामगिरी’ हे नाव दिलं आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केलं. तिथली गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती. त्या पुस्तकात हा शब्द व्यवस्थेकडे बोट दाखवतो, राबणाऱ्याकडे नाही. आज आपण तो ज्या जोराने वापरतो, तो जोर बराचसा तिथून आला आहे असं मला वाटतं.

तुम्ही विचारलं नाही, पण लेखात ओना जजची हकिकत असेल असं गृहीत धरून तिच्याभोवतीच्या शब्दांबद्दलही लिहितो. ती वॉशिंग्टन यांची पत्नी मार्था हिची खास दासी. (इथे ‘दासी’ चालतं, कारण ते तिचं काम होतं, स्थिती गुलामीचीच.) 1799 च्या यादीप्रमाणे माउंट व्हर्ननवर 317 गुलाम होते. त्यांतले 123 वॉशिंग्टन यांचे स्वतःचे, 41 भाड्याने घेतलेले आणि 153 मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतून आलेले. या 153 जणांना मराठी लेखांत कधी ‘मार्थाचं स्त्रीधन’ म्हटलं जातं. ते चूक आहे. स्त्रीधन बाईचं स्वतःचं असतं. इथे विधवेला हयातभर उपभोगापुरता हिस्सा होता आणि तिच्यामागे तो पहिल्या नवऱ्याच्या वारसांकडे जायचा होता. वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्राने आपल्या 123 जणांना मुक्त केलं, पण या 153 जणांना मुक्त करणं कायद्याने त्यांच्या हाती नव्हतं. ‘विधवेचा हयातीपुरता वाटा’ असं लांबलचक लिहावं लागलं तरी लिहा.

ओनाही मार्थाच्या याच वाट्यातली. मार्थाच्या नातीच्या लग्नानंतर आपल्याला तिच्याकडे धाडणार, हे तिला कळलं. यासाठी आपला ‘आंदण’ हा शब्द नेमका बसतो आणि तो वापरताना संकोच करू नये. आपल्याकडेही मोठ्या घरांत लेकीबरोबर बटीक आंदण जात असे. पेशवाईतल्या कागदांत ‘कुणबीण’ हा शब्द शेतकऱ्याच्या बायकोसाठी नव्हे तर विकत मिळणाऱ्या गुलाम बाईसाठी येतो, हे ज्याला ठाऊक नसेल तो त्या नोंदी भलत्याच वाचतो.

मे 1796 मध्ये अध्यक्षांचं कुटुंब फिलाडेल्फियात जेवायला बसलेलं असताना ओना घरातून निघाली ती न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोचली. फिलाडेल्फिया तेव्हा राजधानी होती आणि पेनसिल्व्हेनियाच्या 1780 च्या कायद्यानुसार परराज्यातल्या मालकाचा गुलाम तिथे सलग सहा महिने राहिला तर मोकळा होऊ शकत होता. म्हणून वॉशिंग्टन आपल्या माणसांना मुदत भरण्याआधी राज्याबाहेर नेऊन आणत. अशा घरातून ओना गेली, तिला ‘फरार’ म्हणू नका. फरार आरोपी होतो. 1793 मध्ये वॉशिंग्टन यांनीच सही केलेल्या कायद्याचं नाव देताना ‘फरारी गुलाम कायदा’ लिहावंच लागेल, पण तिची गोष्ट सांगताना ती ‘निसटली’ किंवा ‘सुटली’. 1848 मध्ये वारली तेव्हाही कायद्याच्या दृष्टीने ती गुलामच होती.

‘मुक्तता’ आणि ‘उच्चाटन’ यांचीही सरमिसळ होते. वॉशिंग्टन यांनी काही माणसांची मुक्तता केली. गुलामगिरीचं उच्चाटन त्यांनी केलं नाही. मेक्सिकोचे अध्यक्ष विसेंते गेरेरो यांनी 1829 मध्ये उच्चाटनाचा हुकूम काढला. कोलंबियात 1821 च्या कायद्याने तिसराच मार्ग काढला: यापुढे गुलाम आईच्या पोटी जन्मणारं मूल स्वतंत्र, पण वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत आईच्या मालकाकडेच राबणारं. याला ‘जन्ममुक्ती’ म्हणता येईल. ‘मुक्ती’ एवढंच लिहिलं तर खोटं होईल.

लेखात हैती येणार असेल तर तिथे दोन शब्दांवर थांबा. हैती या कॅरिबियन देशात गुलामांनीच फ्रान्सविरुद्ध बंड करून देश मिळवला आणि 1805 च्या घटनेत गुलामगिरी कायमची रद्द असं उघड शब्दांत लिहिलं. पण साखर आणि कॉफीचे मळे चालू ठेवायचे म्हणून तिथल्या नेत्यांनीच मजुरांना मळ्याशी बांधलं. बंडाचा नेता तूसँ लूव्हेर्त्यूर याने 1800 मध्ये तसे नियम केले, पुढे अध्यक्ष झालेल्या बोआयेच्या 1826 च्या ग्रामीण कायद्यातही तेच. या कागदांतल्या फ्रेंच शब्दाचा सरळ अर्थ ‘शेती करणारा’ असा होतो, म्हणून भाषांतरात ‘शेतकरी’ येतं. आपला शेतकरी कितीही नाडलेला असला तरी मळा सोडून गेला म्हणून त्याला शिपाई पकडून आणत नाहीत. तिथे ‘मळ्याला बांधलेला मजूर’ लिहा. उत्तरेचा राजा क्रिस्तोफ याने डोंगरावर जो प्रचंड किल्ला बांधवला, त्यासाठी तर ‘वेठ’ हा आपला जुना शब्द चपखल आहे.

दुसरा शब्द ‘नुकसानभरपाई’. 1825 मध्ये फ्रान्सने 14 युद्धनौका पाठवून हैतीकडून 15 कोटी फ्रँक कबूल करून घेतले. माजी मालकांची जमीन आणि गुलाम गेले त्याबद्दल, आणि त्या बदल्यात स्वातंत्र्याला मान्यता. फ्रेंच हुकुमात तिला भरपाई म्हटलं आहे, म्हणून जगभर तोच शब्द चालतो. 1838 मध्ये रक्कम कमी करून एकूण 9 कोटी झाली, पण ती फेडायला आणि त्यासाठी काढलेली कर्जं फेडायला त्या देशाच्या कित्येक पिढ्या गेल्या. बंदरात तोफा रोखून, माणसाला त्याच्या स्वतःच्याच देहाची किंमत द्यायला लावणं, याला मराठीत खंडणी म्हणतात. अवतरणात ‘भरपाई’ ठेवा, तुमच्या वाक्यात ‘खंडणी’.

तुमचं मूळ वाक्य मी असं लिहीन: “ब्रिटिश पारतंत्र्यातून मुक्त झालेल्या अमेरिकेच्या पहिल्या 12 अध्यक्षांपैकी 10 जण आयुष्यात कधी ना कधी गुलाममालक होते, एकट्या वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन मळ्यावर 1799 मध्ये 317 माणसं गुलामीत होती.” संपादकांना ‘गुलाममालक’ कठोर वाटला आणि त्यांनी ‘धनी’ सुचवला, तर तोही घेऊ नका. ‘धनी’ शब्दात राबणाऱ्याने दिलेला मान आहे, आणि तो मान ओनाने दिला होता की नाही हे ती उठून गेली यावरून कळतंच.